इंद्रायणीत सोडलेली खतपत्रे

तुकोबांच्या चरित्रात इंद्रायणीने दोनदा कागद पोटात घेतले. त्यातली दुसरी वेळ साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. अभंगांच्या वह्या बुडाल्या, तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून देवळापुढे बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या. त्यावर कीर्तने झाली, नाटके झाली, १९३६ साली ‘प्रभात’चा चित्रपट झाला. पहिली वेळ मात्र बहुतेक कीर्तनकार दोन वाक्यांत उरकतात. घरातली कर्जाची खते तुकोबांनी धाकट्या भावाबरोबर निम्मी निम्मी वाटून घेतली आणि आपला निम्मा वाटा नदीत सोडून दिला. या लेखाचा विषय ती पहिली वेळ आहे.

‘चिंता करू नका, देवावर भार टाका’ हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो. देवळात ऐकतो, दवाखान्याच्या बाकावर ऐकतो, मुलीचे लग्न अडले की नातेवाइकांकडून ऐकतो. सांगणाऱ्याला त्याचा काही खर्च नसतो. तुकोबांच्या बाबतीत परंपरेने खर्चाचा आकडा जपून ठेवला आहे. काय सोडले, किती सोडले, कोणाच्या वाट्याचे सोडले नाही, हे तिथे नेमके सांगितलेले आहे. निश्चिंत होणे म्हणजे मनाची एक अवस्था, असे धरून चालणाऱ्यांनी या नेमकेपणाकडे फारसे पाहिलेले नाही असे मला वाटते.

आधी खत म्हणजे काय ते पाहू. मी सव्वीस वर्षे एका पतपेढीत हिशेबाच्या टेबलावर काढली आणि मोडी शिकले ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर, पुस्तकावरून. त्यामुळे जुन्या कागदांचे बाड हाती आले की माझी नजर आधी खतांकडे जाते. देहूच्या मोऱ्यांची खते आता पाहायला मिळणार नाहीत, अर्धी तर पाण्यातच गेली. पण जुन्या मराठी खताचा साचा ठरलेला असे. वर शक, संवत्सराचे नाव आणि तिथी. मग धनको कोण आणि रिणको कोण, म्हणजे देणारा आणि घेणारा. मग रक्कम, आणि व्याज ‘दरमाहे दर सदे’ अमुक, म्हणजे महिन्याला शेकडा इतके. मुदत, तारण असल्यास तारण, शेवटी साक्षी. कुणब्याला अक्षर येत नसे, म्हणून त्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ लिहून नांगराची छोटी आकृती काढलेली असे. धान्याचे कर्ज असेल तर हिशेब वेगळा. पेरणीला नेलेले धान्य सुगीला सव्वापट परत केले तर सवाई, दीडपट केले तर दिढी. वाचायला हा सगळा मामला कोरडा आहे. पण नांगराची ती वेडीवाकडी रेघ पाहिली की ती ओढणाऱ्या माणसाचा हात दिसतो. वर्षभर ज्या अवजाराने तो पोट भरतो, तेच त्याने सही म्हणून गहाण ठेवलेले असते.

असे कागद तुकोबांच्या घरात पिढीजात होते. घराणे मोऱ्यांचे, देहूच्या पेठेची महाजनकी त्यांच्याकडे. शेती, दुकान आणि सावकारी तिन्ही चालत. विठोबाचे देऊळ घराण्याचेच, पूर्वज विश्वंभरबोवांपासूनचे. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरला भाऊ सावजी विरक्त वृत्तीचा, म्हणून कारभार मधल्या तुकोबांच्या खांद्यावर आला. परंपरा त्या वेळी त्यांचे वय तेराच्या आसपास सांगते. पुढे चार-पाच वर्षांत आईवडील गेले, भावजय गेली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. तुकोबांचा जन्मशक कोणता यावर अभ्यासकांत मोठा वाद आहे. सर्वसाधारणपणे १६०८ हे साल धरतात आणि मीही तेच धरून पुढे जाते. म्हणजे १६३० चा दुष्काळ आला तेव्हा ते बाविशीत होते आणि घरात दोन बायका होत्या. थोरली रखमा दम्याने आजारी, धाकटी जिजाई पुण्याच्या गुळवे घराण्यातली.

या दुष्काळाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण एरवी तुकोबांच्या चरित्रातला तो केवळ एक ‘प्रसंग’ होऊन बसतो. १६३० साली दख्खन आणि गुजरातेत पाऊस पडला नाही. त्याच वेळी शाहजहानची फौज निजामशाहीवर चालून आलेली होती आणि बादशहाचा मुक्काम बुऱ्हाणपुरात होता. त्याच्या दरबाराचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी ‘पादशाहनामा’त लिहितो की भाकरीच्या तुकड्यासाठी लोक जीव द्यायला तयार होते, बकऱ्याचे म्हणून कुत्र्याचे मांस विकले जाई आणि मेलेल्यांच्या हाडांची पूड पिठात मिसळली जाई. बादशहाची स्तुती करण्यासाठीच नेमलेला माणूस हे लिहितो, हे विसरता कामा नये. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्याला निघाला. त्याच्याही रोजनिशीत वाटेवर पडलेल्या प्रेतांची वर्णने आहेत. बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत इथे लंगर उघडले गेले. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५००० रुपये वाटले जात आणि सुमारे ७० लाख रुपयांचा सारा माफ झाला असे लाहोरी नोंदवतो.

देहूला या लंगरांचा उपयोग नव्हता. देहू पुणे प्रांतातले, आणि त्याच सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून बेचिराख केले. गाढवाचा नांगर फिरवून तिथे पहार ठोकल्याची आठवण पुणेकर अजून सांगतात. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला तेही हेच वर्ष. वर पाऊस नाही, खाली फौजांची येजा, अशा मुलखात एक बावीस वर्षांचा महाजन खतांचे दप्तर घेऊन बसला आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. त्याचे पैसे बुडाले हे खरे. पण दप्तर तर जागेवर होते. रिणको मेला, परागंदा झाला, बैल विकून बसला, तरी खतावरचा आकडा वाढतच होता.

सावकाराची चिंता आणि कुळाची चिंता एकाच कागदावर असते. कुळाला वाटते कसे फेडू, सावकाराला वाटते कसे वसूल करू. दुष्काळात दोघांनाही उत्तर नसते.

तुकोबांनी स्वतःबद्दल फार थोडे सांगितले आहे. संतांनी विचारले म्हणून, संकोचत, एका अभंगात त्यांनी आपली हकिकत दिली. ती गाथेत आहे आणि तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी जात आणि व्यवसाय. मग आईबाप गेल्याचे दुःख. मग दुष्काळाने पैसा आटला आणि मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली, असे दोन धक्के एका दमात. मग ते म्हणतात की लाज वाटू लागली, आणि पाठोपाठ धंद्यात तोटा आल्याचे सांगतात. इथे मी नेहमी थांबते. पैसा गेल्याबरोबर लगेच मान गेल्याची नोंद आहे, आणि बायकोच्या मृत्यूच्या पाठोपाठ शब्द येतो तो ‘लाज’. ज्याच्या दारात गाव धान्य मागायला येई, त्याच्याच घरात माणूस उपाशी मेले. महाजनाच्या चिंतेत भुकेपेक्षा मोठा वाटा या लाजेचा होता, असे हा अभंग सरळ वाचला तर दिसते.

आणि उपाय? हकिकतीत त्यानंतर लगेच देऊळ येते. विठोबाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते दुरुस्त करावे असे मनात आले. त्यानंतर एकादशीचे कीर्तन, तेही सुरुवातीला मन लागत नसताना. मग संतांची वचने पाठ करणे, पुढे गाणाऱ्याच्या मागे ध्रुपद धरणे, शरीर कष्टवून जमेल तो उपकार करणे. आणि या यादीत तो शब्द पुन्हा येतो: लाज मनात येऊ दिली नाही. गुरूचा स्वप्नातला उपदेश आणि कवित्वाची स्फूर्ती या गोष्टी त्याच्याही पुढे. म्हणजे चिंतेने गांजलेल्या या माणसाने पहिली गोष्ट केली ती माती कालवण्याची आणि दुसरी केली ती दुसऱ्याच्या मागे उभे राहून गाण्याची. मन लागत नव्हते, तरी एकादशी चुकवली नाही. आज कोणी मला विचारले की आध्यात्मिक दृष्टी म्हणजे काय, तर मी या यादीकडे बोट दाखवीन. ती कोणालाही जमण्याजोगी आहे.

पण या हकिकतीत खतांचा उल्लेख नाही. वह्या बुडवल्याचे तुकोबा स्वतः सांगतात, खते सोडल्याचे सांगत नाहीत. ती कथा आपल्याला मिळते महिपतींकडून. महिपती (१७१५–१७९०) राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे. ‘भक्तविजय’ १७६२ चा, ‘भक्तलीलामृत’ १७७४ चा. तुकोबा गेले त्याला तोवर सव्वाशे वर्षे झाली होती. तेव्हा ही कथा ऐतिहासिक पुरावा म्हणून कितपत धरायची, हा प्रश्न रास्त आहे. चमत्कार बाजूला काढून महिपतींचे ग्रंथ वाचण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ती मला पुरेशी वाटत नाही, कारण या कथेत चमत्कार मुळी नाहीच. खते पाण्यात गेली आणि पाण्यातच राहिली. ज्याला चरित्रात चमत्कार घालायचा आहे, तो अशी कथा रचत बसत नाही.

महिपतींबद्दल आणखी एक. ते स्वतः ताहराबादचे कुळकर्णी होते. एकदा पूजेला बसले असताना कचेरीचा शिपाई बोलवायला आला, तेव्हा त्यांनी पूजा आटोपून सरकारी काम उरकले आणि घरी येऊन सरकारी कामासाठी पुन्हा लेखणी धरणार नाही अशी शपथ घेतली, असे सांगतात. कुळकर्ण्याला खत म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. कोणता कागद फाडला की कोणाचा जीव सुटतो हे त्याला गावात सर्वांत चांगले ठाऊक. तुकोबांच्या आयुष्यातली इतकी कोरडी, इतकी हिशेबी गोष्ट महिपतींच्या लेखणीने जपली याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही.

कथा अशी. दुष्काळानंतर तुकोबा घर सोडून भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. कान्होबा शोधत शोधत तिथे पोचले आणि थोरल्या भावाला इंद्रायणीकाठी घेऊन आले. तिथे तुकोबांनी घरातली खते आणवली. ती सगळी बुडवावी असा त्यांचा विचार होता, पण कान्होबांना संसार होता आणि त्यांनी तसे बोलून दाखवले. तेव्हा खतांचे दोन वाटे झाले. कान्होबांचा वाटा कान्होबांना, आपला वाटा इंद्रायणीला.

कीर्तनात इथे कान्होबांची बाजू पडती दाखवतात. थोरला विरक्त, धाकटा व्यवहारी. मला तसे वाटत नाही. वडिलार्जित खते ही समाईक मालमत्ता होती. ती सगळी पाण्यात टाकण्याचा तुकोबांना धर्मशास्त्राने अधिकारच नव्हता. भावाने ‘माझे काय?’ असे विचारले आणि तुकोबांनी त्याला उपदेश न करता त्याचा वाटा मोजून दिला, यातच या प्रसंगाचे वजन आहे. आपला देवावर विश्वास बसला म्हणून दुसऱ्याच्या भाकरीवर पाणी सोडायचे नाही, ही मर्यादा त्यांनी नदीकाठी पाळली. विरक्तीच्या भरात घरदार उधळणारे आपल्या पाहण्यात असतात. तुकोबा त्यांतले नव्हेत.

आता दुसऱ्या वाट्याकडे वळू. नदीत सोडलेल्या कागदांनी कोणाचे काय झाले? त्या काळचा ऋणाचा कायदा पाहिला तर याचे उत्तर मिळते. याज्ञवल्क्यापासून सगळे स्मृतिकार सांगतात की बापाचे ऋण मुलाने फेडावे आणि नातवानेही. बृहस्पती बारकावा सांगतो: मुलाने व्याजासह, नातवाने फक्त मुद्दल. पश्चिम भारतात पुढे प्रमाण मानला गेलेला ‘व्यवहारमयूख’ लिहिणारा नीलकंठ भट्ट तर तुकोबांचाच समकालीन, मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातला, काशीत स्थायिक झालेल्यांपैकी. कुळाच्या बाजूनेही एक दिलासा होता, दामदुपटीचा. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. पण वारसाची जबाबदारी इतकी कडक होती की बापाने मागे काही ठेवले नसले तरी मुलगा सुटत नसे. आपल्या मुंबई इलाख्यात ही जाचक तरतूद १८६६ च्या कायद्याने गेली. तेव्हापासून वारस हातात आलेल्या मालमत्तेपुरताच देणेदार राहिला.

हे ध्यानात घेतले की १६३० नंतरच्या देहूचे चित्र बदलते. दुष्काळात रिणको मेला असेल, तर खत त्याच्या पोरावर चालते. पोराने बाप गमावलेला आहे, बैल गमावलेला आहे, आणि वर बापाच्या हातचा तो नांगर काढलेला कागद महाजनाच्या दप्तरात आहे. तुकोबांनी पाण्यात सोडला तो कागद. वसुलीची त्यांची चिंता ज्या क्षणी संपली, त्याच क्षणी कोणा दुसऱ्याच्या घरातली फेडीची चिंताही संपली. पारमार्थिक निश्चिंतीची जी उदाहरणे आपण देतो, त्यांत असे क्वचित घडते. हिमालयात जाऊन बसलेल्या माणसाच्या निश्चिंतीने गावातल्या कोणाचा आकडा कमी होत नाही.

पण इथे एक फरक करावा लागतो, आणि तो केला नाही तर ही कथा गोड होऊन बसेल. धनको आपले खत बुडवू शकतो. रिणको बुडवू शकत नाही.

याचा पुरावा पुणे जिल्ह्यातच आहे, सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतरचा. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची दुकाने घेरली. नंतर हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. चौकशी करणाऱ्या आयोगाला दिसले ते असे की लोकांना पाहिजे होती ती खते आणि हुकूमनामे. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, तिथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागदांची होळी झाली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताचे आयुष्य तीन वर्षांवर आणले होते, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेत आणि दामदुपटीची जुनी मर्यादा त्यात वाहून जाई. नांगराची निशाणी मात्र तीच. शेकडो माणसांना अटक झाली. १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला, त्यानंतर कोर्टांना खतामागचा खरा व्यवहार तपासता येऊ लागला.

सुप्याच्या कुणब्यांना कोणी ‘देवावर भार टाका’ म्हटले नसेल असे नाही. त्यांच्यातले कित्येक वारीला जाणारेच असणार. पण दुसऱ्याच्या दप्तरातला कागद श्रद्धेने पुसला जात नाही. तुकोबांचा प्रसंग वाचताना मी सुपे आठवते ते एवढ्यासाठी: त्यांनी चिंता सोडण्याचा उपदेश कुळांना केला नाही, आपल्या हातातला कागद सोडला. ज्याच्या हातात सोडण्यासारखे काही आहे त्याने आधी सोडावे, असा तो क्रम आहे.

जिजाईंचे काय, हा प्रश्न राहतोच. महिपतींच्याच ग्रंथात एक कथा आहे. खते बुडवण्याच्या आधीची. दिवाळे निघाल्यावर तुकोबांना कोणी उधार देईना, तेव्हा जिजाईंनी आपल्या नावाने खत लिहून दोनशे रुपये उभे केले. तुकोबा ते भांडवल घेऊन मिठाच्या व्यापाराला गेले. दोनशेचे अडीचशे झाले. परतीच्या वाटेवर देण्यापायी गांजलेला एक ब्राह्मण भेटला आणि ते पैसे त्याला देऊन तुकोबा मोकळ्या हाताने घरी आले. चरित्रकार ही कथा तुकोबांची दया दाखवायला सांगतात. हिशेबाच्या टेबलावर बसलेल्या बाईला तीत आणखी एक कागद दिसतो. रिणको जिजाई. हे खत घरच्या दप्तरात नव्हते, ते दुसऱ्याच्या दप्तरात होते. इंद्रायणीत सोडण्याच्या गठ्ठ्यात ते असूच शकत नव्हते.

जिजाईंना कजाग ठरवण्यात आपल्या कीर्तनपरंपरेने बरेच श्रम घेतले आहेत. त्या विठोबाला शिव्या देत, तुकोबांवर कडाडत. आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जात, हेही तीच परंपरा सांगते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात ‘योगक्षेम’ या शब्दाचा विस्तार आहे. योग म्हणजे नसलेले मिळणे, क्षेम म्हणजे मिळालेले राखणे. अनन्य भक्ताची ही दोन्ही कामे देव स्वतःकडे घेतो असा गीतेचा आशय. ज्ञानदेव तिथे पक्षिणीचा दाखला देतात, पंख न फुटलेल्या पिलांसाठी जगणाऱ्या, स्वतःची तहानभूक विसरलेल्या. तो दाखला देवासाठी आहे, हे मला माहीत आहे. पण देहूच्या घरात काशी, भागीरथी, गंगा, महादेव, विठोबा ही पोरे होती आणि नारायण तर वडील गेल्यावर जन्मला. तिथे पक्षिणीचे काम कोण करत होते, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. एकाने खाली ठेवलेली चिंता घरात दुसऱ्या कोणीतरी उचलली होती. तुकोबांची थोरवी याने कमी होत नाही. पण त्यांच्या निश्चिंतीचा ताळेबंद मांडायचा तर जिजाईंचे नाव त्यात खर्चाच्या बाजूला ठसठशीत लिहावे लागते.

तुकोबा खते सोडून निश्चिंत झाले का? गाथा उघडली तर हो म्हणता येत नाही. एका अभंगात ते दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने गांजले तेही बरे झाले, असे देवाला सांगतात. हा अभंग फार लोकप्रिय आहे आणि चिंतामुक्तीचा नमुना म्हणून नेहमी सांगितला जातो. पण त्याच गाथेत तळमळीचे, संशयाचे, देव भेटत नाही म्हणून जीव कासावीस झाल्याचे शेकडो अभंग आहेत. प्रपंचाची चिंता गेली, तिची जागा शांततेने घेतली असे काही दिसत नाही. शब्द तर दुकानातलेच राहिले. पुंजी, मुद्दल, व्याज, वाण, हुंडी, दिवाळे, खत. सावकारी सुटलेला माणूस सावकाराच्याच भाषेत बोलत राहिला, फक्त समोरचा रिणको बदलला.

याचा सर्वांत स्पष्ट खूण म्हणजे एक शब्द. वह्या बुडाल्यानंतर आपण काय केले हे सांगताना तुकोबांनी ‘धरणे’ हा शब्द वापरला आहे. आज धरणे म्हटले की कचेरीपुढचा मंडप आठवतो. त्या काळी धरणे हे वसुलीचे हत्यार होते. तगादा करून कूळ दाद देत नसेल तर धनको त्याच्या दाराशी उपाशी बसे. आपल्या दारात माणूस अन्नावाचून मेला तर ते पाप माथी येईल, या धाकाने रिणको देणे भागवी. ही चाल इतकी रुजलेली होती की १८६० च्या दंडसंहितेत ५०८ व्या कलमाखाली दैवी कोपाची भीती घालण्याचे उदाहरण म्हणून धरण्याचाच दाखला दिलेला होता.

तेव्हा इंद्रायणीच्या दोन्ही वेळा शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिल्या वेळी कागद तुकोबांनी आपल्या हाताने सोडले, आणि एकाही कुळाच्या दारात नंतर ते धरणे बसले नाहीत. दुसऱ्या वेळी कागद सोडायला लावले गेले, आणि तुकोबा सरळ देवाच्या दाराशी जाऊन बसले, अन्नपाणी सोडून, पक्क्या सावकारासारखे. माणसांकडचे येणे त्यांनी माफ केले. विठोबाकडचे केले नाही. हा माणूस सगळ्याच गोष्टी सोडून देणारा नव्हता. काय सोडायचे आणि कशासाठी हटून बसायचे, यातला विवेक त्याने दुष्काळात शिकून घेतला होता. आपल्या हकिकतीतही ते म्हणतातच की खऱ्याखोट्याला मनच साक्षी ठेवले, बहुमत मानले नाही. साक्ष हा शब्दही तसा खताच्या तळाशीच असतो.

कान्होबांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. नदीकाठी आपला वाटा मागून घेणारा हा धाकटा भाऊ पुढे स्वतः अभंग लिहू लागला. ‘तुकयाबंधु’ या नाममुद्रेचे त्यांचे अभंग गाथेच्या छापील आवृत्त्यांतून आपल्याला वाचायला मिळतात. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले. त्यानंतरचे कान्होबांचे अभंग वाचावेत. त्यांत वैकुंठगमनाचा आनंद शोधून सापडत नाही. पांडुरंगाशी कडाक्याचे भांडण आहे, आणि मागणी एकच, माझा भाऊ मला परत दे.